तांबूस पडलेली हळद : तासगावकडच्या एका क्रीमचं प्रकरण

गेल्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तासगाव तालुक्यातल्या एका बचत गटाच्या तिघीजणी सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या घरी आल्या. पिशवीतून एकेक करत त्यांनी टेबलावर अकरा डब्या मांडल्या. कोरफड आणि हळदीचं फेस क्रीम, पन्नास ग्रॅमची डबी, झाकणावर हिरवं पान आणि खाली ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के नैसर्गिक, शून्य केमिकल’. चार डब्यांत वरच्या थरावर करड्या-काळ्या बुरशीचे ठिपके होते. दोन डब्यांत क्रीम फुटून कडेला पाणी सुटलेलं. बाकीच्या वरवर बऱ्या दिसत होत्या, पण झाकण काढलं की आंबलेल्या ताकासारखा वास.

गटाच्या अध्यक्ष, ज्यांना सगळ्या अक्का म्हणतात, त्यांनी डब्यांचे दोन ढीग केले. “ह्या सहा मार्चच्या. ह्यात निसर्गाचं औषध घातलं हुतं, द्राक्षाच्या बियांचं. आन् ह्या पाच जुलैच्या. ह्यात सुनेनं केमिकल घातलं. सॉसात घालत्यात ते. निसर्गाचं घातलं तरी बुरशी, केमिकल घातलं तरी बुरशी. मग मॅडम, घालायचं तरी काय?”

मी बी.फार्म. झाल्यावर काही वर्षं पुण्यात प्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. लग्नानंतर सांगलीत आल्यापासून छोट्या उत्पादकांना कृती बसवून देते. ‘नैसर्गिक प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे जंतूंपासून माल टिकवणारा घटक, कुठला चांगला?’ हा प्रश्न मला महिन्यातून चारदा तरी येतो. पण इतक्या स्वच्छ शब्दांत तो कुणी विचारला नव्हता. ह्या दोन ढिगांतच त्याचं उत्तर होतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. गटाची परवानगी घेतली आहे. गाव आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

रंगानं सांगितलेली गोष्ट

बुरशीच्या आधी माझं लक्ष रंगाकडे गेलं. हळदीचं क्रीम फिकट पिवळं असायला हवं. हे विटकरीकडे झुकलेलं, तांबूस होतं. मी विचारलं, हा रंग पहिल्यापासून असाच? अक्कांबरोबर आलेल्या मावशी म्हणाल्या, “व्हय, चांगला रंग आला म्हणून आमी खूश हुतो.”

मी फ्रिजमधलं लिंबू कापलं आणि त्यातला एक थेंब बशीतल्या क्रीमवर पिळला. जिथे थेंब पडला तिथे क्रीम क्षणात पिवळंजर्द झालं. मावशींनी लगेच ओळखलं. त्यांच्या माहेरी घरी कुंकू करायचे. हळदीला चुना किंवा टाकणखार लावला की ती लाल होते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. “म्हणजे आमच्या क्रीमचं कुंकू झालं का?”

अगदी तेच झालं होतं. हळदीतलं कुरकुमिन आम्ल असेल तिथे पिवळं राहतं आणि अल्कली वाढली, म्हणजे पीएच हे आम्ल-अल्कलीचं माप साडेसातच्या वर चढायला लागलं, की तांबडं होत जातं. शाळेत हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून हाच प्रयोग करतात. क्रीममध्ये अल्कली आली कुठून, ते कृती विचारल्यावर कळलं. मधमाशीचं मेण, बदाम तेल, व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल, कोरफडीचा गर, गुलाबपाणी, हळद, आणि मेण-पाणी एकजीव करायला टाकणखार.

ही कोल्ड क्रीमची जुनी, नावाजलेली रीत आहे. टाकणखार मेणातल्या आम्लाशी संयोग पावून त्याचा साबण करतो आणि तो साबण तेल-पाण्याला धरून ठेवतो. शंभर ग्रॅम मेणाला सहा-सात ग्रॅम टाकणखार पुरतो. ह्या मात्र वीस ग्रॅम घालत होत्या, कारण एकदा क्रीम फुटलं तेव्हा वाढवलेलं प्रमाण तसंच राहिलं. मी मीटरनं पीएच मोजला तो ८.४ भरला. निरोगी त्वचेचा पीएच साडेचार ते साडेपाचच्या आसपास असतो. शिवाय टाकणखार म्हणजे बोरॉनचा क्षार. प्रजननक्षमतेवर परिणाम करणारा म्हणून युरोपात त्याचं वर्गीकरण झालेलं आहे. रोज चेहऱ्यावर लावायच्या क्रीममध्ये तो इतक्या सढळ हातानं घालू नये, हे तिथल्या तिथे सांगितलं.

द्राक्ष नव्हे, पपनसाचा भाऊबंद

आता मार्चचा ढीग. सूनबाईंनी ऑनलाइन मागवलेली बाटली त्या बरोबर घेऊन आल्या होत्या. ‘ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट’. तासगावात ‘ग्रेप’ म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांसमोर मांडव उभा राहतो, बेदाणा दिसतो. आपल्याच मळ्यातल्या द्राक्षबियांचा अर्क आपल्या क्रीममध्ये, हा विचार त्यांना फार भावला होता. पण ग्रेपफ्रूटचा द्राक्षाशी काही संबंध नाही. ते लिंबू-संत्र्याच्या कुळातलं, आपल्या पपनसाच्या नात्यातलं फळ. झाडाला घोसानं लागतं म्हणून इंग्रजीत ते नाव पडलं असं म्हणतात.

नावाचा घोळ एकवेळ चालला असता. खरी अडचण बाटलीतल्या द्रवाची आहे. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क जंतू मारतो, असं अनेक वर्षं सांगितलं जात होतं आणि प्रयोगशाळेत ते दिसतही होतं. १९९९ मध्ये जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारातले असे सहा अर्क तपासले. पाचांनी जंतू मारले, आणि त्या पाचही अर्कांत बेन्झेथोनियम क्लोराइड हे कारखान्यात बनणारं जंतुनाशक निघालं. त्यांतल्या तिघांत ट्रायक्लोसान हे जंतुनाशक आणि मिथाइल पॅराबेन हा प्रिझर्वेटिव्हसुद्धा होता. सहाव्यात असं काहीच मिसळलेलं नव्हतं, आणि त्यानं एकही जंतू मारला नाही. संशोधकांनी ग्रेपफ्रूटच्या बिया आणि चोथ्यापासून स्वतः अर्क काढून पाहिले, तेही निष्प्रभ ठरले.

म्हणजे हे काम बियांचं कधी नव्हतंच. प्रत्येक बाटलीत भेसळ असते असं मी म्हणत नाही. ह्या गटाच्या बाटलीत काय होतं ते मी तपासलेलं नाही. पण दोन्ही शक्यता धरून पाहा. अर्क शुद्ध असेल तर तो क्रीम टिकवणार नाही. आणि त्यात बेन्झेथोनियम लपलेलं असेल, तर मेण-टाकणखाराचा साबण त्याला निकामी करणार. बेन्झेथोनियमवर धन विद्युतभार असतो, साबणावर ऋण. दोघं एकमेकांना धरून बसतात आणि जंतूंपर्यंत काही पोचत नाही. कुठूनही गेलं तरी मार्चच्या डब्या खराब होणारच होत्या. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात त्या तग धरून राहिल्या. जूनमध्ये हवा ओली झाली, गिऱ्हाइकांची ओली बोटं डबीत जायला लागली, आणि तक्रारी सुरू झाल्या.

त्यांतली एक तक्रार गंभीर होती. मिरजेच्या एका मुलीच्या गालावर पुवाच्या पुटकुळ्या आल्या. डॉक्टरांनी क्रीम बंद करायला सांगितलं, औषध दिलं, आणि ती बरी झाली. पुटकुळ्या क्रीममधल्या जंतूंमुळेच आल्या हे सिद्ध झालेलं नाही. तिची डबी कुणी तपासली नव्हती. पण वापरातलं क्रीम जंतूंनी भरलेलं असू शकतं आणि ते लावणाऱ्याला कळतही नाही, एवढं अक्कांना पटवायला ती तक्रार पुरेशी होती. बुरशी निदान डोळ्यांना दिसते. पाण्यात वाढणारा स्यूडोमोनास किंवा स्टॅफिलोकोकस हा जीवाणू दिसत नाही. डोळ्याला, जखमेला, लहान मुलाच्या त्वचेला त्याचा त्रास जास्त.

सॉसातलं औषध क्रीममध्ये का चाललं नाही

जुलैच्या ढिगात सूनबाईंनी अर्धा टक्का सोडियम बेन्झोएट घातलं होतं. मात्रा योग्य होती, वस्तू खरी होती. तरीही बुरशी आली. गटात त्यावरून भांडण झालं. ‘केमिकल घालून नाव घालवलं’ असं सुनेला ऐकावं लागलं. त्या सगळ्या वेळ गप्प बसल्या होत्या. म्हणून हा भाग मी मुद्दाम त्यांच्याकडे बघून समजावला.

सोडियम बेन्झोएट हा बेन्झोइक आम्लाचा क्षार. जंतू मारण्याचं काम क्षार करत नाही, त्यातून मोकळं होणारं अखंड आम्ल करतं. हा अखंड रेणू जंतूच्या स्निग्ध आवरणातून सहज आत शिरतो, आत गेल्यावर फुटतो आणि आतली आम्लता वाढवतो. ती बाहेर टाकता टाकता जंतूची ताकद संपते. फुटलेला, विद्युतभार असलेला रेणू मात्र बाहेरच अडतो. किती रेणू अखंड राहतील हे पीएच ठरवतो. पीएच ४.२ असेल तर निम्मे. ५ असेल तर शंभरातले साधारण चौदा. ६ ला जेमतेम दीड. आणि ८.४ ला दहा हजारांत एखादाही नाही. सॉस, सरबत, लोणचं आंबट असतं, म्हणून तिथे बेन्झोएट चालतं. ह्यांच्या क्रीममध्ये ते घालणं म्हणजे नुसतं मीठ घातल्यासारखं होतं.

सूनबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या : “म्हणजे औषध बरोबर हुतं, जागा चुकली.”

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, जिची त्यांना गंमत वाटली आणि आधारही. बेन्झोइक आम्ल हे नाव ऊदावरून आलं आहे. घरात धुपाटण्यात घालतात त्या ऊदाच्या राळेतूनच ते पूर्वी मिळवत. त्याचं जोडीदार सॉर्बिक आम्ल १८५९ मध्ये हॉफमन ह्या रसायनशास्त्रज्ञानं युरोपातल्या रोवन झाडाच्या फळांतून वेगळं काढलं. आज दोन्ही कारखान्यात बनतात, पण रेणू तोच. म्हणूनच नैसर्गिक आणि सेंद्रिय प्रसाधनांसाठी युरोपात जे ‘कॉसमॉस’ प्रमाणपत्र देतात, त्याच्या नियमांत बेन्झोइक आम्ल, सॉर्बिक आम्ल, बेन्झाइल अल्कोहोल अशा मोजक्या प्रिझर्वेटिव्हना जागा दिलेली आहे. सूनबाईंनी घातलेलं ‘केमिकल’ निसर्गाला वाटतं तितकं परकं नव्हतं.

“पण हळद जंतुनाशक असती न्हवं?”

हे अक्कांचं. त्यांचा आवाज थोडा दुखावलेला होता, आणि त्यांचं बरोबरही होतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद इथे पीक आहे, पेठ आहे, लग्न आहे, जखमेवरची पहिली चिमूट आहे. तिच्यात बुरशी धरते हे त्यांना पटत नव्हतं.

कुरकुमिन परीक्षानळीत जंतूंना रोखतं, हे खरं. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि क्रीममधले जंतू राहतात पाण्यात. तेलाच्या थेंबात अडकलेलं कुरकुमिन शेजारच्या पाण्यातल्या जंतूला कसं गाठणार? जखमेवर आपण चिमूटभर कोरडी हळद दाबतो. क्रीममध्ये ती अर्धा टक्काही नव्हती. वरून अल्कलीत कुरकुमिन लवकर विघटन पावतं. दुसरी बाजू तर ऐकायला कडू होती : कच्ची हळदपूड स्वतःच जंतू घेऊन येते. हळकुंडं उकडून उघड्यावर वाळवतात, मातीतल्या बॅसिलस जातीच्या जंतूंचे बीजाणू त्यांना चिकटतात आणि साध्या उकळण्यानं ते मरत नाहीत.

मग मावशींनी बेदाण्याचा दाखला दिला. “बेदाणा बरा वरीसभर ऱ्हातोय.” राहतो, कारण त्यात पाणी पंधरा टक्क्यांच्या आसपास असतं आणि तेही साखरेनं बांधलेलं. जंतूला प्यायला मोकळं पाणी नाही. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची ती कोरड्या, बंद, हवा कमी असलेल्या जमिनीमुळे. त्या पेवांत कुणी औषध फवारत नव्हतं. आणि २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं तेव्हा काय झालं, ते अक्कांनीच मला सांगितलं. ह्यांच्या क्रीममध्ये सत्तर टक्के पाणी, त्यात कोरफडीच्या गरातली साखर. जंतूंना ह्याहून चांगलं घर मिळणं कठीण.

व्हिटॅमिन ईबद्दलही बोललो, कारण कृतीत त्याच्या कॅप्सूल होत्या आणि ‘ते टिकवतं’ असं त्यांना एका शिबिरात सांगितलेलं होतं. ते तेल खवट होण्यापासून वाचवतं. जंतूंना त्याची काहीच बाधा नाही. दोन्हींना ‘टिकवणं’ हा एकच शब्द वापरल्यामुळे हा घोटाळा फार ठिकाणी होतो.

जंतू कुठून आले

पुढच्या रविवारी मी गावी गेले. स्वयंपाकघराशेजारची खोली, फरशी पुसलेली, बायकांनी केसांना रुमाल बांधलेले. अस्वच्छता म्हणावी असं काही दिसलं नाही, आणि तरीही चार वाटा सापडल्या. गुलाबपाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये दोन-दोन महिने उघडं पडायचं. गुलाबपाण्याला वास असतो म्हणून ते शुद्ध वाटतं, पण त्याला स्वतःचं काहीही संरक्षण नाही. डब्या बोअरच्या पाण्यानं धुऊन उलट्या ठेवायच्या, आणि तळाशी थेंब तसेच राहायचे. कोरफड आदल्या संध्याकाळी सोलून रात्रभर पातेल्यात असायची. चौथी वाट म्हणजे रुंद तोंडाची डबी. ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या न्हाणीघरात रोज उघडणार.

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालायचा नाही, हे त्या घरातल्या प्रत्येकीला कळतं. तेच डबीला लागू आहे, एवढंच सांगायचं होतं. त्यापुढे त्यांनी मला काही बोलू दिलं नाही. डब्या स्पिरिटनं पुसून कोरड्या कशा करायच्या, ह्यावर आपसांतच ठरवायला लागल्या. प्रिझर्वेटिव्ह चुकून शिरलेल्या थोड्या जंतूंसाठी असतो. घाणीवर पांघरूण घालायला तो कधीच पुरत नाही.

दुरुस्ती, आणि माझी घाई

पहिली चूक माझी. पीएच खाली आणला की झालं, असं धरून मी सप्टेंबरात त्यांच्याच कृतीत सायट्रिक आम्ल घातलं. दहा मिनिटांत क्रीमची कढी झाली. मेणाचा साबण हाच तिथला दुवा होता. आम्लानं तो साबणच मोडला. हे मला आधी सुचायला हवं होतं. दोन किलो माल वाया गेला, त्यांचे पैसे गेले. त्याची भरपाई मी केली.

मग टाकणखार पूर्ण काढला. ऑलिव्ह तेलापासून बनवलेलं, आम्लात न मोडणारं इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकजीव करणारा घटक, घेतलं. महाग आहे, पण थोडं लागतं. कोरफडीचा ताजा गर निम्म्यावर आणला, गुलाबपाणी काढून उकळून गार केलेलं शुद्ध पाणी घेतलं. हळदपूड काढली आणि तिचा तेलातला, गाळलेला अर्क घेतला. प्रिझर्वेटिव्ह म्हणून सोडियम बेन्झोएट ०.४ टक्के आणि पोटॅशियम सॉर्बेट ०.२ टक्के, पीएच ५. युरोपात चेहऱ्यावर राहणाऱ्या प्रसाधनात बेन्झोइक आम्लाला ०.५ टक्के आणि सॉर्बिक आम्लाला ०.६ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ४७०७ च्या दुसऱ्या भागात प्रिझर्वेटिव्हची यादी आहे. ती पाहिल्याशिवाय कुणीही मात्रा ठरवू नये.

क्रीम पिवळं झालं. बायका खूश. पण रंगावरून पीएच साडेसातच्या खाली आहे एवढंच कळतं; ५ आहे की ६, हे हळद सांगत नाही आणि बेन्झोएटला तोच फरक जीवनमरणाचा. त्यासाठी मीटर किंवा निदान चार ते सात ह्या टप्प्याच्या पट्ट्या हव्यात.

नमुना पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आव्हान चाचणीला पाठवला. ह्या चाचणीत क्रीममध्ये मुद्दाम पाच प्रकारचे जंतू सोडतात : स्यूडोमोनास, स्टॅफिलोकोकस, ई. कोलाय, कँडिडा यीस्ट आणि अ‍ॅस्परजिलस बुरशी. मग सात, चौदा आणि अठ्ठावीस दिवसांनी मोजतात. आयएसओ ११९३० प्रमाणे जीवाणू सात दिवसांत हजारपटीनं कमी व्हावे लागतात आणि पुढे वाढता कामा नयेत. एकदा नुसती जंतूंची संख्या मोजून ‘शून्य आले’ म्हणणं वेगळं आणि हे वेगळं. पहिली चाचणी आजची अवस्था सांगते, दुसरी गिऱ्हाइकाच्या घरी काय होईल ते सांगते. छोट्या उत्पादकांना पहिलीच करून थांबायची सवय आहे, कारण ती स्वस्त आहे. मला हे फार खटकतं.

निकाल आला. यीस्ट आणि बुरशी व्यवस्थित मेली. स्यूडोमोनास सात दिवसांत जेमतेम शंभरपट कमी झाला होता. नापास.

अनपेक्षित नव्हतं. बेन्झोएट-सॉर्बेटची जोडी बुरशीला भारी आणि जीवाणूंना हलकी, त्यातही स्यूडोमोनास सगळ्यांत चिवट. मात्रा वाढवण्याऐवजी तीन गोष्टी बदलल्या. पीएच ४.६ वर आणला. एवढ्याशा उतरणीनं अखंड बेन्झोइक आम्ल शंभरात चौदावरून अठ्ठावीसवर जातं, सॉर्बिक छत्तीसवरून एकोणसाठच्या घरात. ग्लुकोनोलॅक्टोन घातलं, जे ग्लुकोजपासून तयार होतं आणि पाण्यात हळूहळू आम्ल सोडत पीएच खाली धरतं. आणि थोडं सोडियम फायटेट, भाताच्या कोंड्यापासून मिळणारं. ते धातूंचे अंश बांधून ठेवतं, त्यामुळे स्यूडोमोनासचं बाहेरचं आवरण कमकुवत होतं. त्याच्या जोडीला डबीऐवजी ट्यूब घेतली.

दुसऱ्या फेरीत, जानेवारीत, पाचही जंतू निकषांत बसले.

सुरक्षित म्हणजे कुणाला

ह्या घटकांनाही त्रासाची बाजू आहे. बेन्झोएट आणि सॉर्बेट काही जणांच्या गालावर लावल्यावर लगेच लाली आणि चुरचुर आणतात. ती ॲलर्जी नसते आणि थोड्या वेळात जाते, पण नाजूक त्वचेला नको होते. गटातल्या बारा जणींनी आठवडाभर कोपराच्या लवणीत लावून पाहिलं. दोघींना पहिल्या दिवशी किंचित झोंबलं, त्यातली एक मावशी. वेष्टनावर ‘आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहा’ हे वाक्य त्यांच्याच आग्रहानं आलं. हळदीचीसुद्धा ॲलर्जी असणारी माणसं असतात, हे तिथेच लिहिलं.

सूनबाईंनी पॅराबेनबद्दल विचारलं, कारण त्याची भीती मोबाइलवर रोज येते. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्तनाच्या गाठींच्या वीस नमुन्यांत पॅराबेन सापडलं आणि गाजावाजा झाला; शेजारच्या निरोगी पेशींत ते किती होतं, हे त्या कामात तपासलेलं नव्हतं, आणि त्यामुळे कर्करोग होतो असंही त्यात सिद्ध झालं नव्हतं. पण भीती पसरली, कंपन्यांनी पॅराबेन काढून मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारखे घटक घातले, आणि त्यांची ॲलर्जी इतकी वाढली की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेनं त्याला २०१३ चा ‘वर्षाचा ॲलर्जन’ म्हटलं. युरोपात त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांतून २०१७ मध्ये त्याला बंदी झाली. त्याच संस्थेनं २०१९ मध्ये पॅराबेनला ‘ॲलर्जी न करणारा’ म्हणून निवडलं. ह्या गटानं पॅराबेन वापरलं नाही, तो त्यांचा निर्णय आणि मला मान्य आहे. पण ‘पॅराबेनमुक्त’ हे शब्द भीती विकायला वापरू नका, एवढं मी म्हटलं. त्यांनी ते वेष्टनावर टाकलं नाही.

‘शून्य केमिकल’ मात्र सहजासहजी गेलं नाही. अक्का दोन बैठका अडून बसल्या. ते वाक्य वाचूनच लोक प्रदर्शनात थांबतात, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. शेवटी मी त्यांना मिरजेच्या मुलीबद्दल विचारलं : तिनं डबी का घेतली होती? अक्का थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “काढा ते.” आता मागच्या बाजूला सगळे घटक मराठीत लिहिले आहेत, सोडियम बेन्झोएटसकट.

परवान्याचा विषयही ह्याच वेळी निघाला. विक्रीसाठी प्रसाधन बनवायचं तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० खाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो, आणि उत्पादनावर देखरेखीला नियमांत ठरवून दिलेली शैक्षणिक पात्रता असलेली व्यक्ती लागते. घरगुती आणि बचत गटाचं म्हणून सूट नाही. ह्यांनी तो घेतलेला नव्हता, कुणी सांगितलंच नव्हतं. आता कुपवाड एमआयडीसीतल्या परवाना असलेल्या एका छोट्या कारखान्याची जागा आणि यंत्रं वापरून, लोन लायसन्सवर माल तयार होतो. सूनबाई बारावी सायन्स आहेत. पीएचची वही त्या ठेवतात.

गावातल्या खोलीत त्या आता वेगळी वस्तू करतात : मेण, तेल आणि हळदीच्या तेल-अर्काचं ओठ-टाचांचं मलम, त्याच परवान्यात नोंद होईपर्यंत फक्त घरापुरतं. त्यात पाण्याचा थेंब नाही, म्हणून प्रिझर्वेटिव्हही नाही. ‘काहीच घालायचं नसेल तर काय करू?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते : पाणी काढा.

ट्यूबवर बारा महिन्यांची मुदत लिहिता आली असती, अशी अक्कांची इच्छा होती. मी सहा महिन्यांवर ठाम राहिले. फेब्रुवारीतल्या पहिल्या मालाच्या बारा ट्यूब राखून ठेवल्या, सहा कपाटात आणि सहा चुलीजवळच्या फळीवर, जिथे उन्हाळ्यात चांगलंच तापतं. दर महिन्याला दोन्हींकडची एकेक उघडायची असं ठरलं होतं. दोन महिने कामाच्या गडबडीत राहून गेले. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा फळीवरची चौथी ट्यूब निघाली. अक्कांनी हात पुसून कोरड्या चमच्यावर क्रीम दाबलं, सूनबाईंनी पट्टी लावली, आणि वहीत लिहिलं : ४.६, पिवळं, वास नाही. दोन्हीकडच्या दोन-दोन ट्यूब अजून उघडायच्या आहेत.